आडाला विचारून वाफे

दसरा झाला, दारावरच्या झेंडूच्या माळा सुकू लागल्या आणि दुपारचे ऊन पुन्हा पाठीला चटका देऊ लागले, की ओळखीचे लोक हटकून एक प्रश्न विचारतात, ‘आता परसात काय लावायचे?’ प्रश्न चांगला आहे, पण तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न वेगळाच आहे. तो मी एका वर्षी वेळेवर विचारला नाही आणि त्याची किंमत माझ्या आईच्या गुलाबाने मोजली. आज हिवाळ्यासाठी परसबाग कशी तयार करायची ते सांगणार आहे. ते सांगताना त्या पहिल्या प्रश्नापासूनच सुरुवात करावी लागेल.

मी शेतकरी नाही, कृषी महाविद्यालयातही शिकलेलो नाही. बी.ए. झालो, कविता लिहितो आणि घरामागच्या तुकड्यात खुरपे चालवतो. कॉलेजात असताना ग्रंथालयात बागकामाचे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक हाती लागले होते. त्यात शरद ऋतूतल्या कामांचे मोठे प्रकरण होते. पाने झाडून गोळा करा, कंद उपटून कोरड्या जागी ठेवा, नाजूक झाडांना गवताने गुंडाळा. थोडक्यात, बागेला निजवा. तिकडे जमीन गोठते, बर्फ पडतो, म्हणून ते बरोबरच आहे. आपल्याकडे मात्र उलटे आहे. आपला हिवाळा हा बागेचा सगळ्यात मायाळू काळ. पावसाळ्यातली कीड ओसरलेली असते, ऊन सोसवते, पालेभाजीला गोडी येते. आपल्याकडे आश्विन-कार्तिकात बाग निजवायची नसते, जागी करायची असते. पण जागी करताना एक गोष्ट विसरता येत नाही. तिकडे पुढे बर्फ असतो, आपल्याकडे पुढे उन्हाळा असतो.

लातुरात आमचे जुने माळवदाचे घर आहे. मागे वीस फूट रुंद आणि तीस फूट लांब असे परस. जमीन काळी. एका कोपऱ्यात आड, म्हणजे घरगुती अरुंद विहीर. आडाजवळ लिंबू, भिंतीला लागून पेरू, कडेने मेंदीचे कुंपण. आडाशेजारी एक सपाट दगड आहे. त्यावर बसून अम्मी वजू करायची, म्हणजे नमाजाआधी हात-पाय-तोंड धुवायची. ते पाणी वाहत एका गुलाबाच्या आळ्यात जायचे. गुलाब गावठी, फिकट गुलाबी, वासाचा. लग्न होऊन आली त्या वर्षी अम्मीने माहेरून फांदी आणून लावलेला.

२०१४ साली आमच्याकडे पाऊस कमी झाला होता. २०१५ चा पावसाळा त्याहून वाईट गेला. पण सप्टेंबरात काही दिवस बरा पाऊस पडला आणि आमच्या आडाला पाणी आले. कोरडा आड बघून बघून कंटाळलेल्या मला ते पाणी समुद्राएवढे वाटले. मी दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी कुदळ घेतली. आठ वाफे केले. बाजारातून कोबी, फ्लॉवर, टोमॅटोची रोपे आणली. अम्मी आडाच्या कठड्याशी उभी राहून बघत होती. घरात आम्ही दखनी बोलतो; ती जे म्हणाली त्याचा मराठी अर्थ असा, ‘आडाला विचारलंस का रे, एवढ्यांना पाजशील का म्हणून?’ मी हसलो. आड भरलेला दिसतो आहे, मग त्याला काय विचारायचे?

संक्रांतीला पोहरा तळाच्या दगडावर आपटू लागला. कोबीचे गड्डे लिंबाएवढे होऊन थांबले. फेब्रुवारीत मी वाफे सोडून दिले. मार्चमध्ये शहरात पाण्याच्या टाक्यांजवळ गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदीचा आदेश निघाला. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. त्या आधीचे काही दिवस घरात जे पाणी होते ते फक्त पिण्यापुरते. अम्मीने तेव्हा तयम्मुम केला. पाणी नसेल तेव्हा स्वच्छ कोरड्या मातीवर हात टेकवून तो चेहऱ्यावरून आणि हातांवरून फिरवायचा, की वजू झाला असे मानतात. धर्माने ती सवलत दिली आहे. पण तयम्मुमचे पाणी आळ्यात वाहत नाही. मे महिन्यात गुलाबाची खोडे हात लावताच काडीसारखी मोडली.

अम्मीने दोष दिला नाही. ‘कोबी पिऊन गेला,’ एवढेच म्हणाली. दुष्काळ सगळ्यांनाच होता. मी वाफे केले नसते तरी गुलाब वाचलाच असता, असे मी म्हणत नाही. पण नोव्हेंबर-डिसेंबरात जे पाणी मी उधळले, त्यातले थोडे त्याच्या वाट्याचे होते, हे खरे. आपल्याकडे म्हणच आहे, आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? म्हण लहानपणापासून तोंडपाठ होती. हिशेब मात्र कधी केला नव्हता.

तर मंडळी, तो हिशेब आधी सांगतो. तो अवघड नाही.

तीन फूट रुंद आणि दहा फूट लांब असा एक वाफा धरा. याचे क्षेत्रफळ तीन चौरस मीटरला थोडे कमी भरते. हिवाळ्यात आपल्याकडे माती आणि पाने मिळून दिवसाला साधारण चार मिलिमीटर पाणी हवेत सोडतात. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. म्हणजे या वाफ्याला रोज अकरा-बारा लिटर लागते. सोपे करून सांगायचे तर एका वाफ्याला रोज एक बादली. तीन महिन्यांचे हजार लिटरच्या थोडे वर जाते.

आता आडाकडे या. आमच्या आडाचा व्यास पाच फूट आहे. अशा आडात एक फूट उंचीचे पाणी म्हणजे सुमारे साडेपाचशे लिटर. याचा अर्थ एका वाफ्याला हंगामभर दोन फूट आड लागतो. माझे आठ वाफे म्हणजे सोळा फूट. त्या दसऱ्याला पाणी आतल्या कोणत्या दगडापर्यंत होते ते मला आठवत होते. नंतर दोरी सोडून मोजले. जेमतेम बारा फूट भरले. त्यातच घराची धुणीभांडी, त्यातच गुलाब, लिंबू आणि पेरू. झरे थोडेफार भर घालतात, पण दुष्काळी वर्षात त्यांच्यावर विसंबता येत नाही.

तेव्हापासून मी दोरी ठेवली आहे. टोकाला दगड, दर फुटावर गाठ. दसऱ्याला दोरी आडात सोडायची, पाणी किती फूट आहे ते वहीत लिहायचे. दिवाळीला पुन्हा सोडायची. मधल्या वीसेक दिवसांत घरचा वापर होऊनही पाणी एखादाच फूट उतरले तर झरे जिवंत आहेत, चार-पाच वाफे करायला हरकत नाही. तीन-चार फूट उतरले तर दोनच वाफे, आणि तेही कमी पाण्याच्या भाज्यांचे. हा माझ्या परसातला अंदाज आहे. तुमच्या जमिनीचा आणि झऱ्यांचा वेगळा असेल. तो तुमच्याच वहीत सापडेल. ज्यांच्याकडे आड नाही, बोअर आहे, त्यांनी मागच्या मार्चमध्ये बोअर किती मिनिटे चालून थांबत होते ते आठवावे. ज्यांच्या गच्चीवर कुंड्या आहेत, त्यांनी उन्हाळ्यात नळाला पाणी किती दिवसांनी येते ते आठवावे. बारा इंची कुंडीला हिवाळ्यातही दिवसाआड दीड-दोन लिटर लागते. प्रश्न सगळ्यांना एकच आहे. फेब्रुवारीत मी हे जगवू शकेन का?

दसरा ते दिवाळी हा मधला काळ वाया जात नाही. तो मातीचा आहे. चार महिने पावसाने बडवून काळी माती दबलेली असते. वरचा थर धुपलेला असतो, नत्रासारखी पोषक द्रव्ये पाण्याबरोबर खाली गेलेली असतात. पावसाळ्याच्या शेवटी झाडांची पाने पिवळी दिसतात त्याचे एक कारण हे. अशा मातीत लगेच बी टाकणे म्हणजे आजारातून उठलेल्या माणसाच्या डोक्यावर पाटी देण्यासारखे आहे.

पण कुदळ कधी मारायची, हेही काळ्या मातीला विचारावे लागते. तिला वाफसा यावा लागतो. वाफसा म्हणजे माती ओली असते पण चिकट नसते, अशी मधली अवस्था. तपासायची रीत सोपी. चार बोटे खोलीवरची मूठभर माती घ्या, दाबून लाडू वळा आणि कमरेच्या उंचीवरून खाली टाका. लाडू फुटून भुसभुशीत पसरला तर वाफसा आला. तसाच आपटून बसला तर अजून चार दिवस थांबा. ओल्या काळ्या मातीत कुदळ मारली तर जी ढेकळे निघतात ती वाळून विटेसारखी होतात, मग हंगामभर फुटत नाहीत. फार उशीर केला तर जमिनीला भेगा पडतात आणि कुदळ वरच्या वर उडते. वाफसा मोजक्या दिवसांचाच असतो. म्हणून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात रोज परसात चक्कर हवी.

त्याआधी तण काढायचे. केना, माठाची रोपे हाताने उपटून खताच्या खड्ड्यात टाकावीत. गाजरगवत फुलावर येण्याआधीच उपटावे आणि हातात मोजे घालून उपटावे, कारण त्याने अनेकांच्या अंगावर खाज आणि पुरळ उठते. हरळी आणि लव्हाळा मात्र खड्ड्यात टाकू नये. हरळीच्या कांड्या आणि लव्हाळ्याच्या गाठी खतात जगून राहतात आणि पुढच्या वर्षी आपणच त्या बागभर पसरवतो. या दोन्ही उन्हात कडक वाळवून मगच टाकाव्यात.

मग वीतभर खोल खणायचे आणि ढेकळे आठ-दहा दिवस तशीच उन्हात ठेवायची. ऑक्टोबरच्या उन्हाला आपण शिव्या देतो, पण मातीला ते औषध आहे. हुमणीच्या पांढऱ्या अळ्या, किडींचे कोष वर येतात. साळुंक्या आणि बगळे ते टिपतात. आमच्या परसात या दिवसांत साळुंक्यांची एवढी गर्दी असते, की त्यांना हाकलायला नको म्हणून मी तिकडे जाणेच टाळतो.

त्यानंतर खत. एका वाफ्याला एक घमेलेभर पूर्ण कुजलेले शेणखत पुरते. कुजलेले म्हणजे ज्याला शेणाचा वास येत नाही, मातीचा येतो. ताजे शेण टाकले तर हुमणी आणि वाळवीला आमंत्रण. त्यात दोन-तीन ओंजळी निंबोळी पेंड मिसळावी. हे सगळे वरच्या वीतभर मातीत नीट कालवायचे.

आता वाफ्याचा आकार. पावसाळ्यात आपण गादीवाफे करतो, म्हणजे जमिनीपेक्षा उंच, कारण पाणी घालवायचे असते. हिवाळ्यात पाणी थांबवायचे असते. म्हणून वाफा सपाट करावा, चारही बाजूंनी चार बोटे उंचीचा वरंबा घालावा. कित्येक लोक पावसाळ्यातले उंच वाफे तसेच ठेवतात आणि मग पाणी कडेने वाहून जाते, झाडे सुकतात, आणि आणखी पाणी घातले जाते. एवढा एक बदल केला तरी रोज अर्धी बादली वाचते, हा माझा अनुभव आहे.

आता येतो दुसरा प्रश्न, काय लावायचे?

जुनी माणसे यासाठी नक्षत्रे मोजायची. सप्टेंबरच्या अखेरीस सूर्य हस्तात जातो. त्या पावसाला आमच्याकडे हत्तीचा पाऊस म्हणतात. शेजारच्या मुली पाटावर हत्ती काढून हादगा खेळायच्या आणि खिरापतीत आमचाही वाटा असायचा. हस्तानंतर ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात चित्रा, शेवटच्या आठवड्यात स्वाती. मोसमी पाऊस साधारण १५ ऑक्टोबरपर्यंत देशातून माघारी जातो, त्याच्याशी हे बऱ्यापैकी जुळते. अलीकडे पाऊस लांबतो, कधी दिवाळीतही झोडपतो. म्हणून मी सगळे बी एकदम टाकत नाही.

पहिल्यांदा लावायच्या त्या कमी पाण्याच्या भाज्या. हरभरा आणि करडई. बाजारात बियाण्याच्या दुकानी परसबागेची पाकिटे मिळतात त्यात या दोघी नसतात, म्हणून शहरातले लोक त्या विसरले आहेत. हरभरा आणि करडई जमिनीतल्या ओलीवर वाढतात. करडईचे मूळ तर फार खोल जाते. वाफसा असताना दसऱ्याच्या आसपास पेरले, उगवण झाली, की त्यांना फारसे पाणी विचारावे लागत नाही. महिन्याभराने करडईची कोवळी पाने भाजीला येतात. हरभऱ्याचे शेंडे खुडले की भाजी मिळते आणि झाडाला फुटवेही जास्त येतात. लसूण, दाण्याचे कूट आणि ज्वारीची भाकरी यांच्या जोडीला करडईची भाजी असली, की मराठवाड्यातल्या माणसाला हिवाळा आला हे कॅलेंडरने सांगावे लागत नाही.

त्यानंतर, आडाने परवानगी दिली तर, पालेभाज्या. मेथी तीन-चार दिवसांत उगवते आणि महिन्याच्या आत काढता येते. पालक पाच आठवड्यांत पहिल्या कापणीला येतो आणि मुळापासून न उपटता कापला तर तीन-चार वेळा फुटतो. कोथिंबिरीसाठी धने आख्खे टाकू नयेत. पायताणाने किंवा लाटण्याने हलके रगडून दोन डाळ्या वेगळ्या कराव्यात, रात्रभर भिजवून पेरावेत. तरीही उगवायला आठ-दहा दिवस लागतात, धीर सोडू नये. मेथी-कोथिंबीर सगळी एका दिवशी पेरू नये. वाफ्याचे तीन भाग करून पंधरा-पंधरा दिवसांनी पेरावी, म्हणजे एकदम ढीग आणि मग रिकामा वाफा असे होत नाही. मुळा दीड महिन्यात येतो. गाजराला तीन महिने लागतात आणि काळ्या मातीत ते वेडेवाकडे, दोन पायांचे होते. लावायचेच असेल तर त्या वाफ्यात दोन घमेली वाळू मिसळावी. लसणाच्या पाकळ्या ऑक्टोबरात टोचल्या तर चार महिन्यांनी काढायला येतात. टोमॅटो, वांगी यांची रोपे सप्टेंबरात आडोशाला तयार केलेली असतील तर दिवाळीच्या सुमारास, पाच आठवड्यांची झाल्यावर लावावीत, आणि संध्याकाळी लावावीत. कोबी आणि फ्लॉवर सगळ्यात शेवटी. ते खादाड आहेत आणि तहानलेलेही. पाणी मुबलक असेल त्यानेच त्यांच्या नादी लागावे.

भाज्यांइतकीच जुन्या झाडांचीही तयारी असते. गुलाबाची छाटणी पाऊस पूर्ण थांबल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यास करतात. कात्री धारदार आणि स्वच्छ हवी. वाळलेल्या, काडीसारख्या बारीक आणि एकमेकींत घुसलेल्या फांद्या आधी काढाव्यात. उरलेल्या फांद्यांवर बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा बघावा आणि त्याच्या पाव इंच वर तिरका काप घ्यावा, म्हणजे नवा फुटवा बाहेर पसरतो आणि आत हवा खेळते. कापलेल्या टोकांना मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट लावावी. छाटणीनंतर सहा-सात आठवड्यांनी फुले येतात. छाटलेल्यातल्या पेन्सिलीएवढ्या जाड, निरोगी फांद्या फेकू नयेत. वीतभर लांबीचे, तीन-चार डोळ्यांचे तुकडे करून दोन डोळे मातीत जातील असे सावलीत लावावेत. सगळे जगत नाहीत, काही जगतात. मोगऱ्याला मात्र आत्ता हात लावू नये, त्याची छाटणी थंडीच्या शेवटी. मेंदीचे कुंपण या दिवसांत छाटावे. अम्मी तो पाला सावलीत वाळवून ठेवायची आणि निम्मा पलीकडच्या काकूंकडे जायचा.

वाफे उगवले, झाडे छाटली, की पाणी टिकवायचे काम उरते. आमच्या भागात ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी होते आणि भुसकट ढिगाने मिळते. त्याचा दोन-तीन इंचांचा थर रोपांमध्ये पसरावा, खोडाला मात्र टेकवू नये. जिथे ऊस आहे तिथे पाचट, कोकणात पालापाचोळा, काहीही चालते. माती झाकली की ऊन पाणी पळवत नाही, तणही कमी उगवते. एवढे सोने हाताशी असताना लोक दिवाळीच्या साफसफाईत परसातला पाला पेटवतात, हे बघवत नाही. पाणी सकाळी द्यावे आणि मुळाशी द्यावे. संध्याकाळी पानांवर शिंपडले तर रात्रभर पाने ओली राहतात आणि बुरशीचे ठिपके पडतात. लिंबू किंवा गुलाबासारख्या झाडाशेजारी कच्च्या मातीचे, न रंगवलेले मडके गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरून वर झाकण ठेवावे. पाणी हळूहळू पाझरत मुळांना मिळते आणि दोन-तीन दिवस पुरते.

आणि घरातले पाणी. तांदूळ-डाळ धुतलेले, भाज्या विसळलेले पाणी सरळ झाडांना घालावे. कपड्यांच्या साबणाचे पाणी पालेभाजीला नको. वजूचे पाणी तर साबणाशिवायचेच असते. नळ सोडून वजू केला तर किती जाते ते मोजू नये इतके जाते. लोट्याने केला तर दीड लिटरमध्ये होतो. पाच वेळचे सात-आठ लिटर. घरात दोन माणसे नमाजी असली तर दिवसाला एक बादली भरते. एका वाफ्याला रोज एक बादली, हे मघाशी सांगितलेच आहे. म्हणजे एक वाफा आडाकडे न जाता जगतो. वजूला पाणी जपून वापरावे, उधळू नये, ही शिकवण लहानपणी ऐकली होती. ती वाफ्याच्या मापाने कळायला मला चाळिशी उलटावी लागली.

२०१६ च्या पावसाळ्यात देवाने दिले, मांजरा धरणात पाणी आले, आमचा आडही वर आला. दसऱ्याला मी दोरी सोडली. पाणी भरपूर होते, तरी तीनच वाफे केले. त्या दिवाळीत पलीकडच्या काकू फराळाचे ताट घेऊन आल्या, तेव्हा ताटाखाली ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या चार काड्या होत्या. अम्मीने कधीकाळी त्यांना त्याच गुलाबाची फांदी दिली होती. मी विसरलो होतो. दुष्काळाच्या वर्षी काकूंनी परसात एक करडईचा वाफा केला होता, बाकी काही नाही, आणि राखेने घासलेल्या भांड्यांचे पाणी गुलाबाला घालत राहिल्या होत्या. ‘भाभी, छाटणी केली होती, म्हटलं तुमचं तुम्हाला द्यावं,’ त्या अम्मीला म्हणाल्या. चारांतल्या तीन वाळल्या. एक फुटली.

पुढच्या हिवाळ्यात तिला पहिली कळी आली. अम्मी वजूच्या दगडावर बसून तिच्याकडे बघत होती. मला वाटले, आता गुलाबाबद्दल काही बोलेल. ती म्हणाली, ‘दोरी सोडलीस का आज?’

अम्मी आता नाही. दोरी आडाच्या खुंटीला आहे आणि गुलाब दगडाशेजारी. या दसऱ्याला सोने वाटून झाले, की तुम्हीही एकदा तुमच्या आडात, टाकीत, निदान मागच्या उन्हाळ्याच्या आठवणीत डोकावून बघा. किती फूट आहे ते लिहून ठेवा. मग खुशाल कुदळ घ्या.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)